गाडीचा थर्मोस्टॅट घरच्या घरी बदलायचा कसा, आणि नुसता काढून का टाकायचा नाही

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह. आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस, रविवारी हातात पाना धरायची हौस आहे एवढंच. तरी हे काम मी आत्तापर्यंत तीन गाड्यांवर केलंय, एक माझी, एक मामांची आणि एक शेजारच्या काकांची, आणि तिन्ही वेळेला काहीतरी नवीन शिकायला मिळालं, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहून काढावं, कारण पहिल्यांदा करताना मला असं कुणी सांगितलं असतं तर एक बोल्ट आणि अर्धा दिवस वाचला असता.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली, २०१२ चं मॉडेल, पेट्रोल हॅचबॅक. घेतल्यापासून एक गोष्ट खटकत होती, टेंपरेचरचा काटा कधी मधोमध यायचाच नाही. आमच्या कोल्हापुरात दसरा चौकात ट्रॅफिकमधे थांबलो की जरा वर सरकायचा आणि हायवेला कागलच्या दिशेनं ऐंशीनं निघालो की परत खाली बसायचा. मला वाटायचं वा, काय गार चालतंय इंजिन. मायलेज मात्र काय मिळायचं नाही. मग इंजिनचा पिवळा दिवा लागला, मित्राकडचा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर कोड आला पी०१२८, म्हणजे कूलंट (इंजिनात फिरून त्याला थंड ठेवणारं पाणी) जेवढं गरम व्हायला पाहिजे तेवढं होत नाही. एका गॅरेजमधे विचारलं तर उत्तर मिळालं, "दिव्याकडं लक्ष नको देऊस भावा, थर्मोस्टॅट असंल तर काढून टाक, आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"

मी नवीन थर्मोस्टॅट आणला, रविवारी सकाळी हौसिंग, म्हणजे तो ज्यात बसतो ते कवच, उघडलं आणि आत बघतो तर काय, थर्मोस्टॅटच नाही! मोकळी जागा. आधीच्या मालकाला कुणीतरी हाच सल्ला दिलेला आणि त्यानं तो ऐकलेला. म्हणजे मी जो पार्ट खराब झाला म्हणून महिनाभर शोध घेत होतो तो गाडीत नव्हताच.

आता हा "काढून टाक" प्रकार आपल्याकडं एवढा का चालतो यावर मी बराच विचार केला. आमच्या आजोबांच्या मळ्यात विहिरीवर ऑईल इंजिन होतं. ते थंड ठेवायला पंपाच्याच पाण्याची एक बारीक पाईप इंजिनात सोडलेली असायची, पाणी आत फिरून दुसऱ्या बाजूनं पाटात पडायचं. थर्मोस्टॅट बिर्मोस्टॅट काय नाही. ज्या पिढीनं असली इंजिनं बघितली तिला वाटणारच की गार पाणी जेवढं जास्त तेवढं चांगलं. पण आजोबा काय करायचे ते मला मोठेपणी कळलं. ते बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचे आणि पाणी गार लागलं तर कॉक थोडा आवळायचे. "लई गार चाललं की धूर वकतंय आणि डिझेल खातंय" म्हणायचे. पाणी हाताला चांगलं गरम लागलं की मगच तिथनं हलायचे. थर्मोस्टॅट म्हणजे कॉकवरचा तो हात, बाकी काय नाही.

गाडीतला हात मेणाचा असतो. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, गरम झालं की ते फुगतं, दांडी ढकलतं आणि व्हॉल्व्ह उघडतो, गार झालं की स्प्रिंग त्याला परत बंद करते. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडायला सुरवात करतो, आकडा त्याच्यावर छापलेला असतो. बंद असताना कूलंट फक्त इंजिनातल्या इंजिनात फिरतं म्हणून इंजिन लवकर तापतं, उघडल्यावर रेडिएटरकडं जायला लागतं.

काढून टाकला तर काय होतं? इंजिन कायम अर्धवट गार राहतं. कॉम्प्युटरला वाटतं अजून गाडी गरमच झाली नाही, मग तो पेट्रोल जास्त सोडतो. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑईलमधली वाफ उडून जात नाही, ऑईल लवकर खराब होतं, झीज वाढते. आणि बऱ्याच इंजिनात तर उलटंच होतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचंच खालचं टोक बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून परत इंजिनात जायची वाट बंद करत असतं, तुम्ही तो काढला की बायपास कायमचा उघडा, मग थोडं कूलंट रेडिएटरला न जाताच परत इंजिनात, आणि घाटात गाडी तापायला लागती. म्हणजे गार राहावी म्हणून काढला आणि चढाला तापली.

आधी खात्री करा की थर्मोस्टॅटच गेलाय

गाडी तापली की थेट थर्मोस्टॅटवर आळ घेऊ नका. कूलंट कमी असंल, फॅन चालू होत नसंल, फॅनचा फ्यूज नाहीतर रिले गेला असंल, रेडिएटर चोंदला असंल, वॉटर पंप गेला असंल, अगदी सेन्सर पण खोटं बोलू शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, फाटणं. ऑईलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखं काहीतरी दिसतंय, सायलेन्सरमधनं गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरमधे बुडबुडे यायला लागले, यातलं काही असेल तर हा लेख बंद करा आणि चांगल्या गॅरेजला जावा.

थर्मोस्टॅटची चाचणी सोपी आहे. सकाळी गाडी पूर्ण गार असताना सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाईपवर अधनंमधनं हात लावत रहा. हात पट्ट्यापासनं आणि फॅनपासनं लांब, सैल बाही, गळ्यातली चेन, ओढणी असलं काय लोंबकळत नको. ठीक असलेल्या गाडीत ही पाईप सुरवातीची काही मिनिटं गारच राहते आणि मग काटा मधोमध यायच्या सुमारास एकदम चटका बसण्याएवढी गरम होते. पहिल्या मिनिटापासनं हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय (किंवा माझ्यासारखा नाहीच). आणि काटा वर वर निघालाय तरी पाईप गारच, तर बंद अडकलाय, लगेच गाडी बंद करा.

इथं एक मेख आहे. वरचं सगळं थर्मोस्टॅट वरच्या पाईपच्या टोकाला असेल तर लागू. बऱ्याच नवीन इंजिनात तो खालच्या पाईपच्या टोकाला, पाणी इंजिनात शिरतं तिथं असतो. मग वरची पाईप तशीही गरम होणार, तिथं बघायची खालची पाईप. मामांच्या गाडीत हेच झालेलं, जोतिबाच्या चढाला काटा लाल पट्टीत गेला, वरची पाईप गरम लागली म्हणून आम्ही थर्मोस्टॅटला क्लीन चिट दिली आणि दोन दिवस फॅनच्या मागं लागलो. खालची पाईप हातात धरली असती तर दोन मिनिटात कळलं असतं, ती गारढोण होती.

घाटात असं झालं तर काय करायचं ते पण सांगून ठेवतो, कारण गगनबावडा, आंबा, फोंडा कुठल्याही घाटात गॅरेज शेजारी नसतं. एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, गाडी कडेला. हीटर म्हणजे अजून एक छोटा रेडिएटरच, थोडी उष्णता ओढून घेतो. काटा खाली येत नसेल किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद, आणि थांबा. वरनं गार पाणी ओतायचं नाही, गरम हेडवर गार पाणी म्हणजे तडा जायला आमंत्रण. आणि झाकण तर अजिबात उघडायचं नाही, त्याबद्दल पुढं.

काय काय आणायचं

थर्मोस्टॅट घेताना आरसी बुक नाहीतर चॅसी नंबर घेऊन दुकानात जावा. एकाच मॉडेलमधे पेट्रोलचा वेगळा, डिझेलचा वेगळा, मधेच वर्ष बदललं की वेगळा असतो. लहान गाड्यांचा सुटा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. काही गाड्यांत मात्र प्लास्टिकचं हौसिंग आणि थर्मोस्टॅट एकच अखंड असतं, ते हजारांत जातं, तयारी ठेवा. डिग्रीचा आकडा कंपनीनं दिलाय तोच घ्यायचा, "कमी डिग्रीचा टाक, गार राहील" हा त्याच गारव्याच्या सल्ल्याचा धाकटा भाऊ आहे. सोबत नवीन गॅस्केट किंवा ओ-रिंग मागून घ्या, जुनी परत वापरायची नाही, त्यात वीस-पन्नास रुपये वाचवायला गेलात तर परत सगळं खोलायला लागणार.

कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्या प्रकारचं. रंगावरनं ठरवू नका, हिरवं-लाल-निळं हे कंपन्यांनी टाकलेले रंग आहेत, दोन लाल कूलंट आतनं वेगळी असू शकतात आणि मिसळली की गाळ होऊ शकतो. दुकानात विचारून घ्या की हे तयार मिसळलेलं आहे की पाणी घालायचं आहे. घालायचं असेल तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाईज्ड पाणी, नळाचं नको आणि बोअरचं तर नकोच नको, बोअरच्या पाण्यानं बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो ना तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार. "आपल्याकडं बर्फ नाही मग कूलंट कशाला" असं पण ऐकायला मिळेल. कूलंट गोठू देत नाही हे त्याचं एक काम झालं, ते उकळायचं तापमान पण वाढवतं आणि आतलं ॲल्युमिनियम गंजू देत नाही, आपल्याला या दोन्हीची गरज आहे.

हत्यारात सॉकेट सेट (बहुतेक १० आणि १२ चा लागतो), पकड, स्क्रू ड्रायव्हर, गंज सोडवायचा स्प्रे, पसरट घमेलं किंवा जुनं टब, नरसाळं, चिंध्या, हातमोजे. टॉर्क पाना मिळाला तर फार बरं.

थर्मोस्टॅट आधी पातेल्यात बघा

हे मी नवीन पार्टला पण करतो, नवीन म्हणून विश्वास ठेवत नाही. घरातलं दुधाचं पातेलं घेऊ नका, घरचे मारतील आणि बरोबरच आहे, कूलंट लागलेला जुना पार्ट तर स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नाही. एखादा रिकामा तेलाचा डबा कापून घ्या. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बोटांनी जरा उघडून त्यात एक दोरा चिमटवा आणि त्या दोऱ्यावर त्याला पाण्यात लटकवा, बुडाला टेकू द्यायचा नाही. शेजारी थर्मामीटर धरा, मात्र तापाचा नव्हे, शंभरपर्यंत जाणारा. पाणी तापवत न्या. व्हॉल्व्ह उघडायला लागला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट डुबुक करून खाली पडतो, तो आकडा बघायचा. छापलेल्या आकड्याच्या दोन-तीन डिग्री इकडंतिकडं असेल तर चांगला.

आता आपल्या गावाची गंमत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळं आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, साधारण ९८ ला उकळतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला सुरवातीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा डिग्री जास्त लागतात. म्हणजे ८२ चा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात पूर्ण उघडलेला दिसेल, पण ८८ चा कदाचित पूर्ण उघडणार नाही. त्याला खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. बाहेर काढल्यावर गार होऊन परत गच्च बंद झाला पाहिजे, उजेडाकडं धरून बघा, फट दिसायला नको.

आता काम

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. संध्याकाळी फिरून आलो आणि अर्ध्या तासात सुरू केलं असं चालत नाही. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, शंभरच्या वर तापलेलं असूनही दाबामुळं उकळत नाही, तुम्ही झाकण फिरवलं की दाब गेला आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर. फडकं धरून हळूच उघडतो म्हणणाऱ्यांच्या हातावरचे डाग बघितलेत मी. सकाळी सातला चहा घेऊन सुरू करा, इंजिन गार आणि ऊन पण नाही.

सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. फॅन काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फिरायला लागतो, बोटं त्याच्याजवळ असणार आहेत. मग मोबाईलनं चारी बाजूनं फोटो काढा, कुठली पाईप कुठं, कुठला क्लॅम्प कुठल्या तोंडाचा. आत्ता वाटतं लक्षात राहील, दोन तासांनी काही राहत नाही.

हौसिंग शोधायचं म्हणजे रेडिएटरची वरची जाड पाईप पकडून इंजिनापर्यंत जायचं, जिथं ती दोन-तीन बोल्टांनी बसवलेल्या टोपीला चिकटलीय तिथं आत थर्मोस्टॅट. तिथं नसला तर खालची पाईप पकडून तसंच. शोधता शोधता तो इंजिनच्या मागं, सगळ्याच्या खाली, इनटेक काढल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी सापडला, किंवा त्याला इलेक्ट्रिक वायर जोडलेली दिसली, तर पहिल्यांदाच करणाऱ्यानं तिथं थांबलेलं बरं. त्यात कमीपणा काय नाही, मी पण शेजारच्या काकांची दुसरी गाडी तशीच झाकून परत दिली.

कूलंट सगळं काढायची गरज नसते, थर्मोस्टॅटच्या पातळीच्या खाली गेलं की झालं, लहान गाडीत दीड-दोन लिटर. रेडिएटरच्या तळाला प्लास्टिकची चावी असते, जुन्या गाडीत ती ठिसूळ झालेली असते, जोर लावायचा नाही, फिरत नसेल तर सोडा आणि खालची पाईप थोडी सैल करून घमेल्यात धार घ्या. थर्मोस्टॅट खालच्या पाईपला असेल तर मात्र जवळजवळ सगळंच येणार, मोठं घमेलं ठेवा. आणि ते घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. कूलंटमधे इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि विषारी. गल्लीतलं कुत्रं, मांजर चाटून जातं आणि थोड्या कूलंटनं पण मरतं. लहान मुलांचं पण तेच. सांडलं तर भरपूर पाण्यानं पुसून घ्या.

क्लॅम्प स्प्रिंगचा असेल तर पकडीनं दोन कान दाबून मागं सरकवायचा. पाईप वर्षानुवर्षं चिकटलेली असते, ओढून निघत नाही, आधी दोन्ही हातांनी डावीउजवीकडं पिळायची, सुटली की निघते. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका, रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं असतं, तुटलं की दोन तासांच्या कामाचा रेडिएटर बदलायचा कार्यक्रम होतो.

आता बोल्ट. इथंच मी चुकलो होतो. हौसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, मधे गंज. मी जोरात हिसका दिला आणि एक बोल्ट कट्ट करून मोडला, अर्धा आत. घाम फुटला. नशीब आपलं की आपण कोल्हापुरात राहतो, ज्या गावात इंजिनांचं ओतकाम चालतं तिथं एका मोडक्या बोल्टाचं काय मोठंसं नाही, हौसिंगचा खालचा तुकडा काढून उद्यमनगरात नेला, लेथवाल्यानं ड्रिल मारून बोल्ट काढून दिला, आटे नवीन करून दिले आणि पैसे घेताना एवढंच म्हणाला, "पुढच्या टायमाला तेल मारून रात्रभर ठेवा." तेच तुम्हाला सांगतो. आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्ट सोडवताना थोडा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा, असं झुलवत काढा. सगळे थोडे थोडे सैल करत न्या, एक पूर्ण काढून मग दुसरा असं नको.

टोपी निघाली की जुना थर्मोस्टॅट कसा बसलाय त्याचा फोटो घ्या, मगच काढा. दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे तोंड, मेणाची डबी आणि मोठी स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला असते, कारण तापमान तिनं इंजिनाचं बघायचंय. उलटा बसवला तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार नाही आणि नवीन पार्ट टाकून गाडी तापली म्हणून तुम्ही पार्टला शिव्या देणार. दुसरी म्हणजे कडेला एक बारीक भोक असतं, त्यात हलणारी पिन, जिगल पिन म्हणतात, अडकलेली हवा त्यातनं निसटते, म्हणून ती वर, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला पाहिजे. काही गाड्यांत वेगळी खूण असते, पुस्तकात बघा.

साफसफाईला घाई करू नका, गळती होते ती इथल्या आळसामुळं. आधी भोकात स्वच्छ चिंधी कोंबा म्हणजे कचरा इंजिनात जाणार नाही. जुनं गॅस्केट नखानं, प्लास्टिकच्या पट्टीनं, जुन्या एटीएम कार्डानं खरवडून काढा. स्क्रू ड्रायव्हरनं घासलं की ॲल्युमिनियमवर चर पडते आणि त्या चरेतनं आयुष्यभर थेंब थेंब गळतं. बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे. चिंधी काढायला विसरू नका, हसू नका, विसरतात लोक.

नवीन थर्मोस्टॅट त्याच्या खोबणीत बरोबर बसवा, गॅस्केट कागदी असेल तर कोरडंच, रबरी रिंग असेल तर तिला थोडं कूलंट लावून. गॅस्केट असताना वरनं सिलंटचा लेप द्यायची बऱ्याच जणांना सवय आहे, कंपनीनं सांगितलं नसेल तर देऊ नका, जादाचं सिलंट आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. टोपी ठेवून सगळे बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं आळीपाळीनं. किती आवळायचं? ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर, म्हणजे फार कमी. टॉर्क पाना नसेल तर पाना टोकाला न धरता मुंडीजवळ धरा आणि मनगटानं आवळा, दंडानं नाही. टोपी वाकडी बसलेली असताना आवळली तर थर्मोस्टॅटची कडा चेमटते नाहीतर टोपी तडकते, म्हणून आधी हातानं दाबून नीट बसलीय का बघा.

पाईप लावताना तिची अवस्था बघून घ्या, दाबल्यावर कुरकुर वाजत असेल, भेगा असतील, टोकाला फुगली असेल तर आत्ताच बदला. क्लॅम्प जुन्या खुणेवरच बसवा.

हवा काढणं, म्हणजे खरं काम

थर्मोस्टॅट बसवला म्हणजे संपलं असं वाटतं आणि इथंच नव्वद टक्के घरगुती मेकॅनिक फसतात (टक्के माझे, मोजलेले नाहीत). कूलंट ओतताना आत हवा अडकते, हवेचा फुगा थर्मोस्टॅटपाशी बसला तर मेणाला गरम कूलंट लागतच नाही, तो उघडत नाही आणि गाडी तापते.

खालची चावी बंद केली का बघा. बॅटरी जोडा. गाडीचं नाक थोडं वर असेल तर हवा झाकणाकडं येते, घरासमोर चढ असेल तर तिकडं तोंड करून लावा, चाकाला दगड. कूलंट हळूहळू, बारीक धारेनं ओता. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातनं बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत थांबा, मग बंद. वरची पाईप हातानं दाबत रहा, आंबा पिळतो तशी, गुळगुळ आवाज करत हवा वर येते आणि पातळी खाली जाते, परत भरा.

मग झाकण उघडं ठेवून, हीटर फुल गरमवर, इंजिन सुरू. एक्सलेटर द्यायचा नाही, आपोआप तापू दे. पातळी वरखाली होईल, बुडबुडे येतील, भरत रहा. तोंड त्या भोकावर नेऊन बघत बसू नका, कधी कधी उचकी दिल्यासारखं उडतं. थोड्या वेळानं थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तो क्षण बघायला मला अजून मजा येते. भरा, झाकण लावा, आणि फॅन दोन वेळा चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी तशीच ठेवा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही, दाबाच्या टाकीतनंच भरायचं असतं, त्यात पुस्तकातली पद्धत पाळा, काहींना झाकण लावूनच सुरू करायला सांगितलंय.

सगळा वेळ काट्यावर लक्ष. काटा वर निघालाय आणि हीटरमधनं गार हवा येतीय, तर आत अजून फुगा आहे. गाडी बंद, पूर्ण गार होऊ दे, परत भरा. या गार होण्यात तास-दोन तास जातात, मिसळ खाऊन या.

चाचणी

लगेच पन्हाळ्याला निघू नका. आधी रंकाळ्याला एक फेरी, येऊन गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी पुठ्ठ्यावर डाग आहे का बघायचा. पूर्ण गार झाल्यावर पातळी परत बघा, थोडी उतरलेली असणार, कूलंटच्या बाटलीत मिन आणि मॅक्सच्या खुणांमधे आणून ठेवा. मॅक्सच्या वर भरायचं नाही, गरम झाल्यावर फुगायला जागा लागते. हे दोन-तीन सकाळी करा. रोज कमी होत असेल तर कुठंतरी गळतंय, टोपीच्या कडेला आणि क्लॅम्पपाशी बोट फिरवून बघा, वाळलेल्या कूलंटचा रंगीत थर दिसतो.

हे ठीक असेल तर मग घाट. माझी गाडी मी पन्हाळ्याला नेली, चढाला काटा मधे आला आणि तिथंच चिकटून बसला, उतरताना पण तिथंच. येताना वाघबीळला चहा प्यायला थांबलो तर बायको म्हणाली, एवढा काय काट्याकडं बघून हसालाईस. तिला काय सांगणार. पी०१२८ काढून टाकला तो आजतागायत आलेला नाही, मायलेज पण सुधारलं.

राहिलं घमेल्यातलं जुनं कूलंट. गटारीत ओतू नका, आपल्या गटारी नाल्याला आणि नाले पंचगंगेला. कॅनमधे भरा, झाकण गच्च लावा, वर मोठ्या अक्षरात "विष, कूलंट" असं लिहा, कारण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रंगीत गोड पाणी कुणीतरी सरबत म्हणून उचलतं. आणि ज्या गॅरेजमधे जुनं ऑईल गोळा करून पाठवतात तिथं विचारून देऊन या, एकानं नाही म्हणलं तर दुसऱ्याकडं.